बरगडी, कोसा आणि मंद आच

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ हे नाव भेटते ते ओवीच्या इतिहासात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने इ. स. ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या कृतीही आहेत. परंतु तिकडे आम्ही साहित्याचे अध्यापक सहसा वळत नाही.

बरगडीचे मांस हाडाला धरून असलेले, चिवट. घरच्या ओव्हनमध्ये आम्ही बोकडाच्या बरगड्या प्रथम २२० अंशांवर भाजल्या. वरून करपल्या, आतून वातड राहिल्या. पुढे झाकणबंद भांड्यात, थोड्या पाण्यासह, १५० अंशांवर सुमारे तीन तास ठेवल्या, तेव्हा मांस हाडावरून अलगद सुटले. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन साधारण ७० अंशांपुढे, ओलाव्यात, सावकाश विरघळते. त्याला घाई चालत नाही.

हे तत्त्व भंडारा जिल्ह्यातील आंधळगावला नवे नाही. मोहाडी तालुक्यातील हे गाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. टसरचे कोष सोड्याच्या पाण्यात शिजवल्यावाचून धागा सुटत नाही, कारण तंतूंना जखडणारा सेरिसिनचा डिंक आधी मऊ व्हावा लागतो. सेरिसिनही प्रथिनच. तंतू टिकावा आणि बंध सुटावा, हे कोशाला लागू तसेच बरगडीलाही.

विणकराच्या घरातील चुलीचा इतिहास मात्र कोठे लिहिला गेला? नागपूर परिसरातील हलबा-कोष्टी समाजाचे सावजी मटण आज भोजनालयांच्या पाट्यांवरून सर्वांना ठाऊक आहे. मागावर पोट भरेनासे झाले तेव्हा अनेक कुटुंबांनी घरचा रस्सा विकायला काढला. त्या पाटीमागे एका व्यवसायाचा अस्त आहे, हे जेवणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न नोंदवले, तेव्हा आपल्या पाकवाङ्मयातले ‘पूर्णब्रह्म’ किती थोड्यांचे होते हे उघड झाले.

विणकरांच्या नातवंडांपैकी काहीजण आज एम.ए.च्या वर्गात बसत असतील. त्यांना आम्ही ओवीचा उगम शिकवतो. आजीच्या हातचे मटण किती वेळ, कोणत्या सरपणावर शिजत असे, हेही त्यांनी लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.