एक जून आणि एक जानेवारी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दिवस शाळेतल्या 'अपार'ने खाल्ले. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे त्यांना हा शब्द नवा नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी कायमचा क्रमांक, आणि त्याला जोडलेलं गुणपत्रिका-प्रमाणपत्रांचं डिजिलॉकरमधलं खातं. कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली, २०२३ पासून ती शाळांपर्यंत पोचली. पालकांचं संमतीपत्र लागतं, आणि यूडायसवरचं मुलाचं नाव नि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळावी लागते. ह्या 'तंतोतंत'मध्ये २०२४ च्या दिवाळीनंतरचं आमचं अख्खं सत्र गेलं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या क्लार्कभाऊंनी तोडगा काढला. "सर, आधार दुरुस्तीसाठी पालकांना रांगेत उभं करण्यापेक्षा जनरल रजिस्टरच आधारप्रमाणे करून टाकू. एका मिनिटाचं काम."

मी नाही म्हणालो. का, ते सांगायचं तर अण्णांची गोष्ट सांगावी लागेल. नातेवाइकांना ती पाठ आहे, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल :-)

आमचे अण्णा १९४८ च्या उन्हाळ्यानंतर गावच्या शाळेत दाखल झाले. तेव्हा औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दफ्तराची भाषा उर्दू, आणि दफ्तरातलं वर्ष फसली. ते ऑक्टोबरात 'आजूर' महिन्याने सुरू व्हायचं. मग दै, बहमन, इस्फंदार असे महिने. अण्णांच्या नावापुढे जन्म लिहिला होता, तीर १३५१ फसली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. फसली गेलं, इंग्रजी तारखा आल्या. अण्णा पुढच्या शाळेत गेले तेव्हा तिथल्या मास्तरांनी जुन्या नोंदीवरून नवी केली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतं हा ढोबळ नियम. १३५१ अधिक ५९०, झाले १९४१. महिना कुठला ते कळेना, म्हणून टाकला एक जून. शाळा उघडायचा महिना! मराठवाड्यात त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत असं आपण हसत म्हणतो, ते ह्यामुळेच. पोराचं वय अंदाजे सांगायचं, तारीख मास्तरांनी घालायची.

पण १३५१ फसली हे वर्ष ऑक्टोबर १९४१ ते ऑक्टोबर १९४२ असं पसरलेलं. आजूर, दै आणि बहमनचे बहुतेक दिवस १९४१ मध्ये पडतात, पुढचे महिने १९४२ मध्ये. तीर हा आठवा महिना, म्हणजे साधारण मे. अण्णा मे १९४२ चे. बेरीज चुकली नव्हती, महिना वाचला गेला नव्हता. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून अण्णा ३१ मे १९९९ ला निवृत्त झाले, वर्षभर आधी. शेवटी शेवटी त्यांनी गावच्या शाळेतलं जुनं रजिस्टर एका वयस्कर मौलवीसाहेबांकडून वाचून घेतलं, तेव्हा हे उमगलं. पण सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायची तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अण्णांची पस्तीस वर्षं झालेली. "वर्ष गेलं ते गेलं, पण खरं काय ते कळलं," एवढंच म्हणाले. बहिणीचं लग्न त्याच वर्षी होतं, आणि बारा महिन्यांचा पगार म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

असो. सांगायचं हे, की शाळेच्या नोंदी एका वहीतून दुसऱ्या वहीत नेण्याचं काम आपण पहिल्यांदा करत नाही आहोत. मराठवाड्याने ते आधीही केलंय. हैदराबाद, मग १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. राज्य बदललं, भाषा बदलली, कालगणना बदलली. तरीही अण्णांना खरं कळलं, कारण मूळ ओळ कुणी खोडली नव्हती.

ह्या ओळीची किंमत किती, ते २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. महसुली कागदांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही कपाटांतून बाहेर आली. उर्दू नि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आरक्षणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो, तो आजचा विषय नाही. पण जात पडताळणीला गेलेल्या कुणालाही विचारा. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागासवर्गासाठी १९६७, ह्या वर्षांच्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्याकडे सातबारा नाही, घराचा कागद नाही, त्यांच्याकडे बरेचदा एकच पुरावा निघतो. आजोबा दुसरीपर्यंत शिकले त्या शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ.

म्हणून क्लार्कभाऊंना नाही म्हणालो. रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर निदान दिसते. तांबडी शाई, सही, आदेशाचा क्रमांक. संगणकावर बदललेलं नाव बापाला कोण दाखवणार?

मग आम्ही तीन रकान्यांची यादी केली. जनरल रजिस्टर, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि आधार. २०१५ ला 'सरल' आलं तेव्हा घाईत भरलेली माहिती, तीच पुढे यूडायस प्लसमध्ये गेलेली, तीही पडताळली. बहुतेक चुका किरकोळ. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे आडनाव आधी, कुठे इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त. पण जन्मतारखांच्या रकान्यात एक गोष्ट पाहून मी थबकलो. आधारवर कितीतरी मुलांची तारीख एक जानेवारी! आधार काढताना दाखला जवळ नसला आणि नुसतं वय सांगितलं की ही तारीख पडते. मास्तरांचा एक जून गेला आणि यंत्राचा एक जानेवारी आला.

सातवीतल्या एका मुलीचं असंच होतं. रजिस्टरला ऑगस्ट, आधारला एक जानेवारी, तेही आधीचं साल. आई वाळूजच्या एका कंपनीत सफाईचं काम करते. अर्धा दिवस बुडवून आली होती. मी म्हटलं, ताई, आधार केंद्रावर जावं लागेल, जन्मदाखला लागेल, पुन्हा एक-दोन खाडे होतील. मनात आलं, ही आता म्हणणार, तुमच्याकडेच बदला की.

ती म्हणाली, "सर, माझी जन्मतारीख एक जूनच हाय. माझ्या मायला इचारलं, तर म्हणती पोळ्याच्या आसपासची तू. पोरीची तरी खरी ऱ्हाऊ द्या. घाटीत झालीय ती, दाखला हाय माझ्याकडं."

तीन आठवड्यांनी ती दुरुस्त आधार घेऊन आली. मुलीचा अपार निघाला, ऑगस्टच्या तारखेचा.

मी ह्या डिजिटल नोंदींच्या विरोधात नाही. उलट ऊसतोडीला किंवा कामासाठी गाव सोडणाऱ्या घरांतल्या मुलांना, दाखला हरवला म्हणून अडलेल्यांना, त्यांचा फायदाच व्हावा. संमतीपत्र ऐच्छिक आहे, हेही पालकांना सांगायलाच हवं. पण शाळेची तयारी म्हणजे नुसता संगणक आणि इंटरनेट नव्हे. आधी कपाट उघडून वाळवी झटकावी, जुनी रजिस्टरं वाचावीत, स्कॅन करून ठेवावीत, आणि मगच टाइप करायला बसावं. ज्या मुलांचा जन्म १ मे २०२४ नंतरचा, त्यांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं लागणार आहे. ती मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत येतील, म्हणजे वही पुन्हा एकदा बदलणार. तेव्हा खुर्चीत मी नसेन, पण रजिस्टर असेल.

तुमच्याही घरात एखादा एक जून किंवा एक जानेवारी असेल, तर आजी-आजोबांना खरी तारीख एकदा विचारून ठेवा. आणि आत्या, तू वाचत असशील तर, मौलवीसाहेबांनी लिहून दिलेला तो 'तीर १३५१'चा कागद तुझ्या ट्रंकेतच आहे ना? दिवाळीत येतो तेव्हा काढून ठेव.