मिरजेचा वॉर्ड, साताऱ्याचा दरबार

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, प्रभूने केलेलं काही कुणाला सांगायचंय का? मग कुणीतरी उठतं. आजारपण, कर्ज, मुलाची अडलेली नोकरी, भावकीतली कोर्टाची केस, मग प्रार्थना, मग सुटका, आणि शेवटी सगळ्यांचं आमेन. लहानपणापासून मी या साक्षी ऐकत आले. त्यातल्या बहुतेक खऱ्या असतात. पण मी मिरजेला नर्स होते, आणि ज्यांची सुटका होत नाही ते साक्ष द्यायला उठत नाहीत, हे मला वॉर्डात कळलं. काही तर उठायला राहतच नाहीत.

ख्रिस्ती माणसाने दुःखाकडे कसं बघावं यावर पुस्तकं पुष्कळ आहेत, प्रवचनं त्याहून जास्त. आमच्या सातारा-सांगलीत मात्र या प्रश्नाला एक इतिहास आहे. त्याची दोन ठिकाणं मला जवळून माहीत आहेत: एक माझ्या नोकरीचं, दुसरं माझ्या माहेरचं.

नोकरीचं आधी सांगते. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. मिशनचं ठाणं सांगलीत १८८४ पासून होतं. तिथे सुरुवात करून तो मिरजेला सरकला, ते रेल्वेमुळे. मिरज जंक्शन. पुण्याकडची गाडी, बेळगावकडची गाडी, कोल्हापूरचा फाटा, सगळं इथे मिळत होतं. चालता न येणारा माणूससुद्धा गाडीत घालून इथवर आणता येई. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, अमेरिकेतल्या देणगीदारांनी पैसे दिले आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं. १८९७ मध्ये इथलीच मुलं डॉक्टर व्हावीत म्हणून वैद्यकीय शाळा निघाली. पुढे वॉनलेसना 'सर' किताब मिळाला, सांगली-मिरजेच्या मध्ये वॉनलेसवाडी झाली. १९६२ साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आलं तेव्हा विद्यार्थी शिकायला आमच्याच खाटांपाशी येऊ लागले.

शाळा निघाली त्याच सुमाराला प्लेग आला. १८९६ ला मुंबईत शिरलेला प्लेग वर्षभरात घाट चढून वर आला. औषध नव्हतं. गावं ओस पडायची, माणसं शेतात झोपड्या घालून राहायची, सरकारी माणूस दिसला की आजारी माणसाला लपवायची. मिरजेत याच काळातली एक गोष्ट अजून सांगतात. गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत आले, त्यांना प्लेगने गाठलं, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केल्यावर ते बरे झाले. दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या नावाने गाणं होतं, मीही जाऊन बसलेली आहे. एकाच गावात, एकाच रोगात, कुणी दर्ग्यात तानपुरा घेऊन बसला, कुणी मिशन दवाखान्याच्या पायरीवर, कुणी अंबाबाईला नवस बोलला. दुःखाला सामोरं जायची तऱ्हा आम्ही ख्रिस्ती लोकांनीच आणली असा आव कुणी आणू नये. आणतात, म्हणून म्हटलं.

मग मिशनने नवं काय आणलं? मला विचाराल तर एका प्रश्नाला दिलेलं उत्तर. रोगी खाटेवर पडला की पहिल्या दोन दिवसांत विचारतोच: सिस्टर, मी असं काय पाप केलं? मराठी बोलणारा विचारतो, जतकडचा, विजापूरकडचा कानडी बोलणारा विचारतो. हिंदू विचारतो, मुसलमान विचारतो, आणि आमचे ख्रिस्तीही तितक्याच ठामपणे विचारतात. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणूस येतो. शिष्य येशूला विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. मग थुंकीने माती कालवून डोळ्यांना लावतो आणि धुवायला पाठवतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी नाव काढलेल्या हॉस्पिटलात हा अध्याय किती वेळा वाचला गेला असेल, याचा हिशेब नाही. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की तिथे कारण सांगत बसलेलं नाही. हात मळवलेला आहे.

१९६८ साली मी नर्सिंगच्या शाळेत दाखल झाले तेव्हा ऑपरेशनआधी प्रार्थना करायची वॉनलेस यांच्या वेळची रीत चालू होती. डॉक्टर, नर्स, भूल देणारा, सगळे क्षणभर थांबत. रोगी कुठल्याही धर्माचा असो, त्याचीही मान खाली जाई. सकाळी वॉर्डात भजन होई, बायबलबाई खाटाखाटांपाशी जाऊन गोष्टी सांगत. खरं सांगायचं तर हे दुसरं मला कधी रुचलं नाही. पायाला वजनं बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे उपदेश करणं सोपं आहे. एका जुन्या सिस्टरांचा नियम मला जास्त पटला: आधी बेडपॅन, मग चादर, मग त्याने म्हटलं तर प्रार्थना. आणि 'देव तुमची परीक्षा बघतोय' हे वाक्य वॉर्डात कुणी बोलायचं नाही. त्या सिस्टर उभ्या आयुष्यात कधी साक्ष द्यायला उठल्या नाहीत.

क्षयाचे रोगी वॉनलेसवाडीला असत. स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधी तिथे हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं एवढाच इलाज होता. महारोग्यांचा दवाखाना मिरजेतच, वेगळा. सल्फोनच्या गोळ्या १९४० च्या दशकानंतर आल्या आणि रोग आटोक्यात येऊ लागला, पण बरा झालेला माणूस घरी गेला की घर त्याला घेईना. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही भाऊ म्हणायचा, तिथंच बरं आहे तुझं. बोटं गेल्याचं दुःख सांगणारे मला थोडे भेटले. भावाने ताट वेगळं काढलं हे सांगताना मात्र रडत. आमच्या साक्षींत बरं होणं म्हणजे गोष्टीचा शेवट. इथे बरं झाल्यावर गोष्ट सुरू व्हायची.

आता माहेर. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं. वाईला पुढे त्याच मिशनच्या बील्स दांपत्याचा दवाखाना होता. पण साताऱ्याची खरी गोष्ट १९१७ ची आहे.

त्या वर्षी रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला येऊन राहिले. वय पंचावन्न. कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव, 'ज्ञानोदया'चे संपादक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कोकणस्थ ब्राह्मण. गोऱ्या मिशनचा पगार खाऊन ख्रिस्त सांगणं त्यांना सलू लागलं होतं. त्यांनी संन्यास घेतला. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हांच्या ख्रिस्तभक्तांचा भाईचारा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. दुष्काळ पडून दुकान बुडालं, घरातली माणसं गेली आणि त्यातूनच तुकोबा विठ्ठलाकडे वळले. ही गोष्ट मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळते. टिळकांनी वधस्तंभाची गोष्ट तिच्या शेजारी नेऊन ठेवली. माझी आजी टाळ वाजवत त्यांची भजनं म्हणायची आणि तिला कधी वाटलं नाही की आपण काही परकं गातोय. मिशनऱ्यांच्या भाषांतरित गाण्यांना हे सत्तर वर्षांत जमलं नव्हतं.

इथवर सगळे टिळकांचा गौरव करतात, मीही करते. पण संन्यास नवऱ्याने घेतला तेव्हा घर कुणाचं होतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं. आणि त्यांच्यावर हे पहिल्यांदा आलेलं नव्हतं. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पुढची काही वर्षं लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, पंढरपूर, नाशिक असं करत. नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे त्यांना एके दिवशी स्वतःच्याच डोक्याने पटलं आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून गेल्या असं म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षं नीट वाचावीत.

साताऱ्याचा काळ सोपा नव्हता. त्यांच्या घरात मुलासारखा राहिलेला बालकवी ठोमरे ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रुळांवर गेला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबई इलाख्यात लाखो माणसं गेली. टिळकांची प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ ला मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात त्यांचं निधन झालं. साताऱ्यात ते दोन वर्षंही पुरती राहिले नाहीत.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी पहिल्यांदा हॉस्टेलवर वाचलं, रात्रपाळी संपवून, झोप मोडून. हसत होते म्हणून शेजारणीने उशी फेकून मारली. मला त्यात सापडलं नाही ते असं: लक्ष्मीबाई कुठेही दुःखाचं कारण सांगत नाहीत. यातून देवाने मला काय शिकवलं, असा धडा काढत नाहीत. उपास घडला तर उपास घडला म्हणतात आणि लगेच त्या दिवशीची फजिती सांगतात. नवऱ्यावर रागावतात, त्याच्या भोळेपणाला हसतात आणि त्याच्याशिवाय राहूही शकत नाहीत. मराठी ख्रिस्ती माणसाने दिलेली ही सगळ्यात मोठी साक्ष आहे असं मी मानते. आमच्या मंडळीच्या पद्धतीने मोजली तर ती साक्षच ठरणार नाही.

आता जे मला सांगायचंय ते. 'आपला वधस्तंभ उचल' हे वचन आमच्यात फार स्वस्त झालं आहे. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हे सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती माझ्याच वॉर्डात होती, बरगडी मोडलेली. मी त्या वडीलधाऱ्यांना भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. संपली नव्हती. येशूने वधस्तंभ स्वतःहून पत्करला, टिळकांनी दारिद्र्य स्वतःहून पत्करलं, वॉनलेस स्वतःहून समुद्र ओलांडून आले. त्या बाईला कुणी विचारलं होतं? महारोग झालेल्याला कुणी विचारलं होतं?

शुभवर्तमानात असा न विचारलेला एक माणूस आहे, आणि त्याच्यावर प्रवचन क्वचित ऐकायला मिळतं. शिमोन कुरेनेकर. तो शेतावरून परत येत होता, वाटेत गर्दी दिसली, शिपायांनी धरलं आणि वधस्तंभ त्याच्या खांद्यावर लादला. तो शिष्य नव्हता. त्याने काही सोडलं नव्हतं, कसली शपथ घेतली नव्हती. त्या दिवशी त्याला फक्त घरी जायचं होतं. मार्क त्याच्या दोन मुलांची नावंही देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणाऱ्यांना ती मुलं ओळखीची असावीत. म्हणजे त्या दिवसानंतर त्या घरात काहीतरी झालं असणार. काय, ते लिहिलेलं नाही, आणि ते लिहिलेलं नाही हे मला बरं वाटतं.

मिरजेच्या माझ्या खाटांवर बहुतेक सगळे शिमोनच होते. त्यांना टिळकांच्या संन्यासाची भाषा ऐकवणं अन्याय आहे. त्यांच्या ओझ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावणं, इतकंच त्या गोष्टीत सांगितलं आहे. आणि लाकडाच्या एका टोकाला तिथे खुद्द येशू होता, हे आम्ही विश्वासणारे त्यात आणखी वाचतो. न मानणाऱ्याने तेवढं सोडून द्यावं, बेडपॅन दोघांनाही सारखाच लागतो.

लक्ष्मीबाईही शिमोनच. वाटेत धरलेल्या. टिळकांच्या मागे दरबार टिकला नाही. त्या मुंबईला गेल्या, मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून राहिल्या, पुढे मुलाकडे कराचीला, मग नाशिकला. १९३३ मध्ये नागपूरच्या कविसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे थोडे अध्याय होऊन ते राहून गेलं होतं. उरलेलं जवळजवळ सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.