पहिल्या प्रतीची मिडल स्कूल

१९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात भंडारा शहराच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या आहेत. वैनगंगेकाठचे गाव, १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती १४,०२३, कापड आणि पितळी भांड्यांचा धंदा, बंगाल-नागपूर रेल्वेचे स्टेशन सात मैलांवर. आणि शेवटी पहिल्या प्रतीची एक मिडल स्कूल, ग्रंथालयासह. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९०८ साली छापलेल्या इम्पीरियल गॅझेटिअरात मात्र याच गावात हायस्कूल आहे, तेही लोकवर्गणीवर चालणारे.

आधीच्या कागदात हायस्कूल आणि नंतरच्यात मिडल, हे उलटे कसे? शाळेची पायरी घसरली असे मानायला मी तयार नाही. ज्ञानकोशाने जुनी माहिती तशीच पुढे ओढली आणि खानेसुमारीचा आकडा तेवढा ताजा घातला, हाच उलगडा मला पटतो. गॅझेटिअर प्रांतातल्या कचेऱ्यांच्या माहितीवर उभे होते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन जास्त. मिडलच्या पुढचे वर्ग गावाला हवे होते आणि त्यासाठी गावाने खिशात हात घातला, एवढे या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की निघते.

खिसा त्या काळी काही भरलेला नव्हता. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी जिल्हा पिळून निघाला होता. १९०१ पर्यंतच्या दहा वर्षांत जिल्ह्याची वस्ती सुमारे ११ टक्क्यांनी घटून ६,६३,०६२ वर आली होती. मग वर्गणी दिली कोणी? मालगुजार, वकील, भांड्यांचे व्यापारी अशी उत्तरे जिभेवर येतात. पण नोंद 'लोक' एवढेच म्हणते, आणि तिच्या तोंडी आपली नावे घालणे हा इतिहास नव्हे.

पोरे बाकावर येणार की नाही हे वर्गणीवर ठरत नव्हते. भंडाऱ्याला म्युनिसिपालिटी मिळाली १८६७ साली. १९२० च्या मध्यप्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने अशा स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. मुभा दिली, हुकूम नव्हे. चौथीपर्यंतची प्रायमरी ज्याने ओलांडली तोच पाचवीच्या मिडलमध्ये येणार. तेव्हा मिडलच्या वर्गात कोण दिसते हे खालच्या चार वर्गांतच बरेचसे ठरून गेलेले असे.

कायद्यावरून वर्गातले चेहरे दिसत नाहीत. त्यासाठी दाखल-खारीज रजिस्टर उघडावे लागते. लांब आडवी वही, एकेका मुलाला एक ओळ: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, धंदा, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, वर्ग, नाव कमी झाल्याची तारीख, कारण. कासार, कोष्टी, ढिवर, कुणबी, तेली, महार, मुसलमान अशी वस्ती असलेल्या गावात जातीच्या रकान्याइतकाच धंद्याचा रकाना बोलका असतो. जन्मतारखेचा रकाना मात्र जपून वाचावा. विदर्भात एका पिढीतले कितीतरी लोक कागदावर १ जुलैला जन्मले आहेत. ती तारीख आईची नव्हे, शाळेच्या हंगामाची.

आज ही वही मागायला येणारा बहुतेक एकाच रकान्यासाठी येतो. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. कोष्टींना हलबा जमातीचे मानावे का, हा हलबा-कोष्टी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २८ नोव्हेंबर २००० ला निकाल लागला. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुने शालेय अभिलेख पुन्हा राज्यभर उलटले गेले, ते मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी. हा रकाना स्थिरही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि अनेक महार बौद्ध झाले. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत मास्तरांनी 'महार' लिहिले की 'बौद्ध', यावर पुढे एखाद्याची नोकरी अवलंबून असे.

माझ्या मते शाळेचा इतिहास धंदा आणि खारीज या दोन रकान्यांत आहे. विणकराचा मुलगा कितवीत गळला, भांडी घडवणाऱ्याचा कितवीपर्यंत टिकला, हे ते दोन रकाने जुळवले की कळते. जुळणी तीन टप्प्यांवर करावी: १९२० च्या कायद्याच्या आगेमागे, १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात आला तेव्हा, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर. १९६२ पासून जिल्हा परिषदेची वही वेगळी आणि नगरपालिकेची वेगळी, तेव्हा एकाच वॉर्डातली भावंडे शोधायची तर दोन्ही वह्या एकदम उघडाव्या लागतात.