लेकरांच्या आधी आईचं बारसं

पोरांचा पत्ता नसताना एखादीला ‘अमक्या-तमक्याची आई’ म्हणून हाक मारावी, तसा प्रकार ८७ क्रमांकाच्या लघुग्रहाबाबत घडला.

१६ मे १८६६ रोजी मद्रासच्या सरकारी वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी तो शोधला. ताऱ्यांच्या प्रतींचं गणित बसवणारे ते हेच. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हा हिशेब त्यांचा. लघुग्रह शोधायला तेव्हा फोटोची सोय नव्हती. दुर्बिणीला डोळा लावायचा, दिसणारे तारे नकाशाशी ताडून पाहायचे. नकाशात नसलेला ठिपका पुढच्या रात्री सरकलेला दिसला, की शिकार साधली! १८६१ मध्ये त्यांनी मद्रासहूनच ‘एशिया’ टिपला होता. या खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह.

नव्या पाहुणीचं नाव ठेवलं सिल्व्हिया. रोमन पुराणातली रिया सिल्व्हिया, म्हणजे रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांची आई. पुढे एका नामकोशाने हे नाव फ्लामारिओं या फ्रेंच खगोलज्ञाच्या पत्नीवरून पडल्याचं छापलं. ते साफ चूक, कारण पॉगसन यांनी शोध जाहीर करतानाच रिया सिल्व्हियाचा उल्लेख केला होता.

२००१ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीला सिल्व्हियाभोवती एक चंद्र दिसला. २००५ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीच्या वेधांवरून दुसराही जाहीर झाला. दोन चंद्र असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. नावं शोधायची गरजच नव्हती : रोम्युलस आणि रेमस.

या लेकरांनी आईचं वजनही सांगितलं. रोम्युलस सुमारे १,३६० किलोमीटरवरून साडेतीन-पावणेचार दिवसांत फेरी मारतो. अंतर आणि वेळ कळली की केप्लरच्या नियमाने वस्तुमान निघतं. त्याला आकारमानाने भागलं, तर घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त भरली! म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा लांबट, कोळशासारखा काळा गोळा अखंड कातळ नाही. जुन्या टकरीत फुटलेल्या धोंड्यांची ती रास असावी, आत पुष्कळ पोकळी असलेली. हे चंद्रही त्याच टकरीचा मलबा असावेत. एवढा ढिला ढीग स्वतःभोवती मात्र पाच तास अकरा मिनिटांत गिरकी घेतो, आणि सूर्याभोवती फिरायला साडेसहा वर्षं लावतो.

चेन्नईला गेलात, तर नुंगमबाक्कमला हवामान खात्याच्या आवारात जुन्या वेधशाळेचा १७९२ सालचा ग्रॅनाइटचा खांब उभा आहे, तो पाहून या.