निष्कासन आदेश व सुनावणीचा हक्क

निष्कासन आदेश व सुनावणीचा हक्क : नियमबाह्य बांधकाम पाडून टाकण्याबाबत किंवा सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण दूर करण्याबाबत स्थानिक प्राधिकरण जी आज्ञा काढते, तीस निष्कासन आदेश म्हणतात. हा आदेश अमलात येण्यापूर्वी बाधित व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची जी संधी मिळते, ती म्हणजे सुनावणीचा हक्क होय. आदेशाचा अधिकार बहुधा कायद्याच्या शब्दांत स्पष्टपणे दिलेला असतो; सुनावणीचा उल्लेख मात्र अनेकदा नसतो. कायदा जेथे मौन पाळतो, तेथे न्यायालयांनी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावरून हा हक्क मानला आणि त्यातूनच त्याचा इतिहास घडला.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका : लंडनची वाढती वस्ती, रस्ते व सांडपाणी यांची व्यवस्था लावण्यासाठी १८५५ मध्ये महानगर स्थानिक व्यवस्थापन कायदा करण्यात आला. नव्या घराचा पाया घालण्यापूर्वी सात दिवस अगोदर स्थानिक मंडळास सूचना देणे त्यान्वये बंधनकारक होते व तशी सूचना न दिल्यास घर पाडण्याचा अधिकार मंडळास होता. वाँड्झवर्थ येथे कूपर नावाच्या बांधकाम व्यावसायिकाचे घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आले असता मंडळाच्या माणसांनी संध्याकाळी उशिरा येऊन ते पाडले. आपण सूचना पाठविली होती, असे कूपरचे म्हणणे होते. तथापि सात दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच काम सुरू केल्याचे त्यालाही मान्य होते. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. कायद्यात सुनावणीची अट नाही, असा मंडळाचा बचाव होता.

१८६३ मध्ये न्यायालयाने कूपरच्या बाजूने निर्णय दिला. मुख्य न्यायमूर्ती अर्ल यांच्या मते, मंडळाने विचारले असते, तर सूचना अपघाताने पोचली नसल्याचा खुलासा त्याला करता आला असता. न्यायमूर्ती बाइल्स यांनी त्याहून व्यापक तत्त्व मांडले : संबंधितास ऐकून घ्यावे असे कायद्यात लिहिलेले नसले, तरी विधिमंडळाने राखलेली ही उणीव न्यायतत्त्वाने भरून निघते. कूपर निर्दोष होता, असे न्यायालयाने म्हटले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोषी असू शकणाऱ्या माणसासही विचारल्यावाचून त्याचे घर पाडता येत नाही, एवढेच या निर्णयाने प्रस्थापित केले.

मुंबईचा कायदा : १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात अधिकार व मर्यादा यांची सांगड घातलेली दिसते. ४८८ व्या कलमान्वये आयुक्तास पाहणीसाठी कोणत्याही जागेत प्रवेश करता येतो. परंतु सर्वसाधारणपणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात प्रवेश करावयाचा नाही, तसेच रहिवाशांच्या सामाजिक व धार्मिक चालीरीतींचा मान राखावयाचा, अशी बंधने त्यास आहेत. नियमबाह्य बांधकामाबाबत ३५१ व्या कलमान्वये ‘कारणे दाखवा’ नोटीस द्यावी लागते. रस्त्यावरील अडथळ्यांबाबत मात्र ३१४ व्या कलमाने नोटीस न देताही ते हटविण्याचा अधिकार आयुक्तास दिला. एकाच कायद्यात घरमालकास नोटीस आणि रस्त्यावरील माणसास ती नाकारण्याची मुभा, असा हा भेद होता.

पाहणीवरील अशी बंधने सैल झाली म्हणजे काय होते, याचा अनुभव प्लेगच्या साथीने दिला. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली व १८९७ च्या साथरोग कायद्याने शासनास असाधारण अधिकार मिळाले. पुण्यात सैनिकांकडून घरोघर झडत्या घेण्यात आल्या. त्यांतून उसळलेल्या लोकक्षोभाची परिणती त्याच वर्षी २२ जून रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. आरोग्यरक्षणाचा हेतू योग्य असला, तरी रहिवाशाचा विचार न घेता केलेली पाहणी लोकांना जुलूमच वाटली.

पदपथवासीयांचा खटला : १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय जाहीर केला. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडण्यात आल्या. पत्रकार ऑल्गा टेलिस व इतर, तसेच स्वतः काही पदपथवासी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. पदपथावर झोपडी बांधणाऱ्यांजवळ सांगण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे नोटीस निरर्थक ठरते, असा युक्तिवाद महानगरपालिकेतर्फे करण्यात आला.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात मानण्यात आले. ३१४ वे कलम नोटिशीवाचून कारवाई करण्याची मुभा देते, सक्ती करीत नाही. म्हणून सुनावणी हा नियम व तिचा अभाव हा अपवाद समजावा, असा अर्थ न्यायालयाने लावला. उत्तर संभवत नाही म्हणून नोटीस नको, हा विचारही त्याने अमान्य केला. कारण ऐकून घेतल्यामुळे निर्णय बदलला नाही, तरी माणसाची प्रतिष्ठा राखली जाते.

तथापि याचिकाकर्त्यांना पदपथावर राहण्याचा हक्क मिळाला नाही. आपल्यासमोर पुरेशी सुनावणी झालेली असल्यामुळे आयुक्तांपुढे ती पुन्हा घेण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने ठरविले. पावसाळ्यातील हाल टाळण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या हटवू नयेत आणि १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा द्याव्यात, असे निर्देश देण्यात आले. मात्र पर्यायी जागा ही हटविण्याची पूर्वअट ठरविण्यात आली नाही. कूपरला तत्त्व व भरपाई ही दोन्ही मिळाली. पदपथवासीयांच्या वाट्यास मुख्यतः तत्त्वच आले.

अलीकडील घडामोडी : फेरीवाल्यांसंबंधीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या स्थलांतरास व निष्कासनास तीस दिवसांच्या नोटिशीची अट घातली. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई व के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने पाडकामांबाबत देशव्यापी निर्देश दिले. त्यांनुसार उत्तरासाठी किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते व व्यक्तिशः सुनावणी घ्यावी लागते. नियमभंगाचे स्वरूप आणि सादर करावयाची कागदपत्रे यांचा उल्लेख नोटिशीत असला पाहिजे. अंतिम आदेश सकारण असावा. बांधकाम नियमित करणे शक्य आहे काय आणि पाडणे हाच एकमेव उपाय का ठरतो, हे त्यात नमूद करावे, असेही बंधन आहे. आदेशानंतर आणखी पंधरा दिवस पाडकाम करता येत नाही. नोटिशीवर मागील तारीख घातली जाऊ नये, म्हणून ती बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयास कळविणे आवश्यक करण्यात आले. या तरतुदींमुळे नोटिशीचे उत्तर ही केवळ औपचारिकता उरत नाही. त्यातील मुद्द्यांचा विचार झाल्याचे आदेशातून दिसावे लागते.

मात्र रस्ते, पदपथ, लोहमार्गालगतच्या जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणांवरील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. घरमालक व फेरीवाले यांच्या नोटिशीचा कालावधी अशा रीतीने निश्चित झाला असला, तरी पदपथावर राहणाऱ्यांना मात्र १९८५ मध्ये ३१४ व्या कलमाचा जो अर्थ लावला गेला, त्याचाच मुख्य आधार राहिला आहे.