कांदळवनाचा राखणदार कोण?

कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला तिवर, चिपी आणि कांदळ ही झाडे सांगावी लागत नाहीत. पण देशावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. भरतीच्या खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभे राहणारे हे रान म्हणजे कांदळवन. कोळंबी, चिंबोरी यांची पिल्ले त्याच्या मुळांच्या आडोशाला वाढतात आणि समुद्राच्या लाटांचा जोरही तेथेच मोडतो. महाराष्ट्रात असे रान ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. ते राखण्याचे काम या कचेरीतून त्या कचेरीत कसे गेले, त्याचा हा इतिहास आहे. तुम्ही म्हणाल, कचेऱ्यांचा कसला आला इतिहास? पण कायदा कितीही चांगला असला, तरी 'हे काम माझे' असे म्हणणारा कोणी नसेल तर तो दप्तरातच राहतो.

इंग्रजी अमदानीत १८७८ साली जंगलाचा कायदा झाला आणि त्याने राखीव व संरक्षित अशी वने ठरवली. जी जमीन सरकारने वन म्हणून जाहीर केली, तिच्यावर जंगलखात्याचा अंमल. या खात्याचे लक्ष मुख्यतः डोंगरावरच्या सागाकडे होते. खाडीतला चिखल बहुतेक ठिकाणी महसूल खात्याकडेच राहिला. महसुलाच्या दृष्टीने ती खाजण जमीन. बांध घालावा, भरतीचे पाणी अडवावे आणि भात पिकवावे किंवा मिठागर करावे, ही तेव्हाची समजूत. मुंबई राज्याने १९४८ साली खारजमिनींसाठी वेगळा कायदाही केला. शेतकऱ्याची शेती वाचवणे हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण तिवरांचा विचार कोणाच्याच वहीत नव्हता.

पुढे कायदे भराभर आले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७२ साली संसदेने वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला आणि राज्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक हा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. १९८६ साली पर्यावरणाचा कायदा आला आणि त्याखाली १९९१ साली किनाऱ्याचे नियम निघाले. त्यांत कांदळवनाला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात बसवले.

आता गंमत पाहा. नियम पर्यावरण खात्याचा. जमीन कोठे जिल्हाधिकाऱ्याची, कोठे नगरपालिकेची, कोठे नवे शहर वसवणाऱ्या महामंडळाची. आणि रानात पायी फिरणारा वनरक्षक बहुधा तेथे नाही, कारण कागदावर ते वनच नव्हे! 'दोन घरचा पाहुणा उपाशी' म्हणतात ना, येथे तर घरे चारपाच होती. रात्री ट्रकभर राडारोडा आणून टाकणाऱ्याचे मात्र चांगले फावले.

२००४ साली हे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयात गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाणी कोठून वाहते, कोठे अडते, हे साऱ्या मुंबईला कळले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने आदेश दिला. राज्यभर कांदळवनाची तोड बंद करा. त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम नको. सरकारी जमिनीवरचे कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करून वनखात्याच्या हवाली करा.

२०१२ साली वनखात्यात खास 'कांदळवन कक्ष' निघाला. आता कोठे राखणदाराला नाव मिळाले. २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. म्हणजे पूर्वी महसुलाच्या नजरेने पाहिल्या जाणाऱ्या चिखलावर आता वन्यजीवांचा कायदा लागू झाला. २०२२ साली ठाणे खाडीचे नाव रामसर करारातील पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेले.

मग सगळे सुरळीत झाले का? नाही. १७ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे पहिल्या आदेशानंतर जवळजवळ १३ वर्षांनी, त्याच न्यायालयाला जमिनी हवाली करण्याविषयी पुन्हा बजावावे लागले आणि कोकणच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. काम एका खात्यातून दुसऱ्यात एका सहीने जाते. पण ताबा, मोजणी, नकाशा आणि चालायला माणसे यांना वर्षे लागतात. या मधल्या काळात जुना राखणदार म्हणतो, 'आता ते आमच्याकडे नाही'. नवा म्हणतो, 'अजून ते आमच्याकडे आले नाही'. रान मरते ते याच फटीत.

दुसरी बाजूही ध्यानात घ्या. कचेरी बदलली की नियम बदलतात, आणि ज्याची होडी पिढ्यान्‌पिढ्या त्या खाडीत चालली, त्या कोळ्याला धास्ती वाटते. ती खोटी नाही. म्हणूनच अभयारण्य करताना लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्याने करावी, अशी तजवीज १९७२ च्या कायद्यात आहे. २०१७ साली राज्याने कांदळवनाचे रक्षण आणि लोकांची उपजीविका यांची जोड घालणारी योजना काढली, त्यात खेकडेपालनासारखे धंदे आले. ज्याचे पोट रानावर, त्याला बाहेर ठेवून रान राखता येत नाही.

तेव्हा खाडीकाठच्या गावकऱ्यांनो आणि गुरुजींनो, एवढे करा. गावच्या कांदळवनाचा सर्व्हे नंबर काढा. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, ते तलाठ्याकडे पाहा. ताबा कोणाकडे आहे, ते वनरक्षकाला विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर उत्तम. नाही जुळली, तर रान ज्या फटीत मरते ती तुमच्या गावातही आहे असे समजा आणि ग्रामसभेत तो प्रश्न उभा करा.