पाठीला पाठ लावलेली पानं

चित्रकथीची पोथी पहिल्यांदा हाती घेणारा माणूस गोंधळतो, कारण तिच्यात वाचायला काहीच नसतं. शिवण नाही, पुठ्ठा नाही, मजकूर नाही. फूटभर उंच आणि त्याहून थोडी रुंद अशी सुटी पानं, दोन्ही अंगांना चित्रं, आणि सगळी मिळून एका बासनात गुंडाळलेली. कथा सांगणाऱ्याला तोंडपाठ असते, त्यामुळे ती कागदावर उतरवायची गरज कुणाला पडली नाही.

मी जुन्या कागदांची डागडुजी करते. दस्त, वंशावळी, नकाशे, पोथ्या, जे येईल ते. कोल्हापूरकडच्या एका घराण्याच्या खाजगी संग्रहातली महिरावणाची पोथी माझ्याकडे दुरुस्तीला आली आणि तेव्हापासून मी या पोथ्यांच्या मागेच लागले आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ही पुस्तकं आहेत. आपल्याकडच्या चित्रकारांनी हातानं घडवलेली, अतिशय कल्पक पुस्तकं. संग्राहकांनी त्यांना सुट्या चित्रांसारखं वागवलं, त्यात त्यांचं फार नुकसान झालं.

चित्रं दाखवून कथा सांगण्याची चाल जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. आज ही परंपरा नाव घेऊन दाखवता येते ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात. तिथले ठाकर लोक चित्रकथी सांगतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि कातडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. या तिन्ही कला एकाच घरात नांदल्याचं चित्रांवरून कळतं. पोथीतली माणसं बहुतेक एका अंगानं उभी असतात, डोळा मोठा, हात कोपरात मोडलेला, मुकुटाची आणि दागिन्यांची कड नक्षीदार. पडद्यावर पडलेली सावली कागदावर येऊन रंगली असावी असं वाटतं. सावंतवाडीच्या भोसल्यांनी या मंडळींना आश्रय दिला. नवरात्रात देवळांतून कथा व्हायच्या. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो आधार सुटला.

कथेला साधारण तिघं बसतात. वीणा, हुडूक आणि टाळ. पान उभं धरायचं, त्यावर जे चाललं आहे ते गाऊन आणि बोलून सांगायचं, प्रसंग संपला की पान फिरवायचं. पहिलं पान गणपतीचं. त्यानंतर रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान, आणि ते बहुधा असं की वाल्मीकी-व्यासांकडे शोधायला गेलात तर सापडणार नाही, पण गावातल्या म्हातारीला सगळं ठाऊक असेल.

आता पान कसं घडतं ते सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढलेली असतात. मग दोन कागद पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवतात. त्यामुळे पान जाड होतं, हातात उभं राहतं, मागचं चित्र पुढे दिसत नाही. माझ्याकडे आलेल्या पोथीत खालचे दोन्ही कोपरे अंगठ्यांनी झिजून मऊ पडले होते. वरच्या कडेला दिव्याची काजळी बसली होती, तिच्यात तेलाचा अंश होता. मी ती काजळी काढली नाही. ती पोथीच्या कामाची खूण आहे. कसरीनं खाल्लेल्या जागा तेवढ्या पातळ जपानी कागदानं भरून घेतल्या.

या पोथीतल्या एका पानापाशी मी फार रेंगाळले. पाताळातला राक्षस महिरावण येणार म्हणून मारुतीनं आपल्या शेपटीचा कोट करून राम-लक्ष्मणांना मध्ये निजवलं आहे, तो प्रसंग. पानभर शेपटीची वेटोळी, एकात एक, काळ्या रेघेची, आत पिवळा रंग. मधोमध दोघे भाऊ, उशाला धनुष्यं. बाहेर वानर पहाऱ्याला, त्यांचे डोळे टक्क उघडे. पान उलटलं की तीच वेटोळी, तेच वानर, तसेच जागे. मधली जागा मात्र कोरी. बिभीषणाचं सोंग घेऊन महिरावण आत शिरला आणि दोघांना घेऊन पाताळात गेला. हे पळवून नेणं चित्रकारानं कुठेच काढलेलं नाही. पान फिरतं त्या निमिषात ते घडतं, आणि पहाऱ्यावरच्या वानरांना कळलं नाही तसं समोर बसलेल्यांनाही कळत नाही.

खालून उजेड सोडलेल्या काचेवर मी ते पान ठेवलं. दोन्ही बाजूंची वेटोळी एकमेकांवर जवळजवळ रेघेला रेघ बसली. म्हणजे त्यानं चिकटवण्याआधी पहिला कागद दुसऱ्याखाली उपडा धरून रेघ वर घेतली असणार. हा माणूस चित्र काढताना पान उलटण्याचा विचार करत होता. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत चित्रकारांनी पुस्तक हाच कलेचा घाट मानला, पान, घडी, उलटणं यांतून अर्थ काढला, आणि त्या पुस्तकांचे स्वतंत्र संग्रह झाले, त्यांवर ग्रंथ लिहिले गेले. कोकणातल्या या माणसाचं नावसुद्धा आपल्याकडे नाही. मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो.

या पोथ्या वाचल्या त्या खाजगी संग्राहकांमुळे, हेही तितकंच खरं. पिंगुळीच्या घरांतली रीत अशी सांगतात की जीर्ण झालेली पोथी विकायची नाही, पाण्यात सोडायची. अशा रीतीपुढे जुनं काही उरणं कठीणच. पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, दारं गोळा करत राहिला, पत्नी कमलाबाईंनी साथ दिली, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहाला मिळालं. 1975 मध्ये त्यांनी तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात चित्रकथीच्या पोथ्या आहेत. एका माणसानं स्वतःच्या हौसेनं, पदरमोड करून हे केलं नसतं तर एकोणिसाव्या शतकातली ही पानं आज बघायला मिळती ना. ‘पैठणी चित्रं’ हे त्यांचं नाव पडलं ते ती पैठणच्या बाजूला मिळाली म्हणून. पुढे पिंगुळीच्या ठाकरांकडे तशाच पोथ्या आहेत हे अभ्यासकांच्या लक्षात आलं आणि दोन्ही धागे जुळले.

पण चित्रांना भाव आला आणि दुसराच उद्योग सुरू झाला. अख्खी पोथी घेणारा एखादा, सुटं पान घेणारे पुष्कळ. म्हणून पोथ्या फुटल्या. त्याहून वाईट गोष्ट मी माझ्या टेबलावर पाहिली आहे. एका विक्रेत्यानं पान पाण्यात भिजवून खळ सोडवली होती आणि पाठीला पाठ असलेले दोन्ही कागद वेगळे करून दोन चौकटींत विकले होते. त्यातली एक चौकट माझ्याकडे आली. घेणाऱ्याला चित्राचा अर्थ लागत नव्हता. रथ होता, सारथी होता, रथात बसणारा नव्हता. तो बहुधा दुसऱ्या कागदावर असेल, दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर. त्या दिवशी मला फार संताप आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, त्यांना 2021 चा पद्मश्री मिळाला. तिथे आजही पान हातात धरून, गाऊन कथा सांगतात. संग्राहकांनी एकदा तिथे जाऊन बसावं आणि पान फिरताना बघावं. मग चौकट करायचा हात आपोआप थांबेल.

महिरावणाची पोथी मी दुरुस्त करून परत दिली. आता ती आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवली आहे, पानं क्रमानं, प्रत्येकाच्या मध्ये पातळ कागद, दोन्ही बाजूंचे फोटो वेगळे काढून. पानांच्या डाव्या समासात देवनागरी आकडे आहेत, 1 ते 26. त्यांतली 9, 14 आणि 15 ही पानं नाहीत. मारुतीचा मुलगा मकरध्वज याची भेट आणि देवीच्या देवळातला प्रसंग त्यांवर असावा. ज्यांच्या घरी असं एखादं चित्र भिंतीवर असेल त्यांनी कृपा करून चौकटीचा मागचा पुठ्ठा उचलून बघावं. मागे दुसरं चित्र आहे का, आणि समासात आकडा कोणता आहे.